चौकी ठीक

“दिवा लागलाय म्हणून आत माणूस आहे असं धरून चालायचं नाही. हाक मारायची. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.”

मामानं हे सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि माझं सगळं लक्ष टीव्हीकडे होतं. मी “हो रे, हो,” म्हटलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण पडद्यावर कप्तान काहीतरी महत्त्वाचं बोलत होता.

रविवारी संध्याकाळी ‘ध्रुवयान’ लागायचं. एक अवाढव्य अंतराळयान, त्यावर म्हणे दोनशे माणसं, आणि दिसायची त्यातली सहा-सातच. वडील मी चार वर्षांची असतानाच गेले. आई नर्स, रविवारी बहुतेक तिची दुपारपाळी असे, त्यामुळे माझा रविवार मामाकडे जाई. मामा लिफ्ट मेकॅनिक होता. एकटाच राहायचा. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायचा, “मी आधीच दिवसभर खड्ड्यात असतो. आणखी कशाला?” खड्डा म्हणजे लिफ्ट सगळ्यात खाली जिथं टेकते, त्याच्याही खालची जागा.

लिफ्ट मेकॅनिकच्या शेजारी बसून अंतराळातली मालिका बघणं म्हणजे काय, हे ज्यानं बघितलं त्यालाच कळेल. यानाचे दरवाजे आपोआप उघडायचे, सुर्रर करून. दर वेळी मामा पुढे सरकून बसायचा.

“हे बघ, हे बघ. सेन्सर कुठाय? नाहीच. अगं, भिंतीमागं दोन माणसं दार ओढतायत. डावीकडचा जरा आळशी आहे.”

“मामा, गप्प बस ना!”

“मी गप्प बसतो. पण त्या डावीकडच्याला कुणीतरी सांगायला पाहिजे.”

खरंच डावं दार किंचित उशिरा हलायचं. एकदा ते दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

यानावरची माणसं फार पुस्तकी बोलायची. “कप्तान, आपणांस संदेश प्राप्त झाला आहे.” मामा स्टोव्हपाशी उभा राहून तस्साच आवाज काढायचा, “कप्तान, आपणांस क्षुधा प्राप्त झाली आहे काय?” तेव्हापासून मी कप्तान. माझ्या लग्नात, सगळ्या सासरच्या मंडळींसमोर, भरल्या मांडवात त्यानं मला “ए कप्तान, चप्पल कुठं ठेवलीस?” अशी हाक मारली होती. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, मुलगी सैन्यात होती का?

तर त्या रविवारी तेरावा भाग होता. दूर कुठंतरी काळोखात एक दीपचौकी असते. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना वाट दाखवायला तिथं एकच माणूस राहतो, एकोणीस वर्षं. यान जवळून जाऊ लागलं की त्यानं दिवा तीनदा लुकलुकवायचा. याचा अर्थ, सगळं ठीक, पुढे जा. ध्रुवयान कुठल्याशा वसाहतीकडे औषधं घेऊन घाईनं निघालेलं असतं. कप्तान दुर्बिणीतून बघतो. दिवा लुकलुकतो, एक, दोन, तीन.

तिथंच मामाला राहवलं नाही आणि त्यानं आपला उपदेश सुरू केला. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका गड्यानं असाच दिव्यावर विश्वास ठेवला होता. लिफ्ट चौथ्या मजल्यावर उभी आहे असं दिवा सांगत होता. लिफ्ट नव्हती तिथं. दोन बोटं गेली. “दिव्याला काय, वायर जोडली की तो लागतो. आत माणूस आहे का नाही, हे त्याला कुठं ठाऊक? म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. स्विचवर पाटी लावतो, ‘आत माणूस आहे’ म्हणून. आणि हाक मारतो. आवाजाला आवाज. आवाज पोचत नसेल तर लिफ्ट ज्यावरून सरकते त्या रुळावर पाना आपटायचा, तीनदा.”

“हो रे, हो.”

पालथ्या घड्यावर पाणी.

त्या भागाची शेवटची पाच मिनिटं मी बघितली नाहीत. संगीत असं काही भीतीदायक सुरू झालं की मी मामाच्या दंडात तोंड खुपसलं. त्यानं माझ्या डोळ्यांवर तळवा ठेवला. तळव्याला ग्रीसचा वास होता. “काय झालं? सांग ना, काय झालं?” मी आतून विचारत होते, आणि तो सांगत होता, “कप्तान परत फिरला. थांबवलं यान. उतरला. हाक मारली. दार उघडलं, सुर्रर... डावीकडचा आळशीच. दिवेवाला आतून म्हणतोय, आहे मी. आता दोघं चहा पितायत.”

“चहा?”

“मग काय, एकोणीस वर्षांनी पाहुणा आलाय.”

पुढं ‘चौकी ठीक’ हा आमचा शब्दच होऊन बसला. मी कॉलेजला बाहेरगावी गेले तेव्हा मामा रोज सकाळी फोनवर एवढंच म्हणायचा, “कप्तान, चौकी ठीक.” मग मी म्हणायचे, “यान ठीक.” की ठेवला फोन. चार वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्या दिवसानंतर सकाळी सातला फोन वाजला. मग तो म्हणाला, “चौकी ठीक.” आवाज फुटत नव्हता, तरी म्हणाला. माझं माहेर आता तेवढंच उरलं होतं, मामाच्या दोन खोल्या आणि हे दोन शब्द.

आणि ते दोन शब्द बोलू नकोस असं त्याला मीच सांगितलं.

माझी लेक चार महिन्यांची होती. तिची झोप म्हणजे काचेचं भांडं. सातला फोन वाजला की ती दचकून उठायची आणि माझा दिवस तिथून जो बिघडायचा तो बिघडायचाच. मी म्हटलं, “मामा, फोन नको करू सकाळी. मेसेज कर.” त्यानं बोलून मेसेज पाठवायला सुरुवात केली. त्याला ते आवडलं होतं, कधी पाठीमागून कावळ्याचा आवाज, कधी “आज गुडघा जरा कप्तानासारखा वागतोय.” चार दिवसांनी मी म्हटलं, “अरे, ऐकायला होत नाही मला. कान सगळा हिच्याकडे असतो. लिहून पाठव.”

मग तो लिहू लागला. ‘चोकी ठिक.’ ‘चौकि ठीक.’ आठवड्याभरात बरोबर जमलं.

मी काळजी करणारी बाई आहे. सगळे म्हणतात, आणि खरंच आहे ते. लेकीसाठी माझी एक वही आहे. दूध किती वाजता, शी किती वेळा, ताप, दात, झोपेत श्वास मोजलेले. नवरा म्हणतो, “तू हिला वाढवत नाहीयेस, हिच्यावर पहारा ठेवतेयस.” कुणी शिंकलं तरी मला ऐकू येतं, तिसऱ्या खोलीतून. मामा शेवटचा घरी आला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता. दारातच मी विचारलं, “सर्दी आहे?”

“नाही गं. असाच बसलाय. महिना झाला.”

“मग तू तिला घेऊ नकोस हं. लांबूनच बघ. आणि बरं वाटेपर्यंत येऊ नको.”

महिना झाला, हे मी ऐकलं. पुढचं काही माझ्या डोक्यात आलं नाही. तो उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसला, दोन्ही हात मांडीवर, पाहुण्यासारखा. लेकीसाठी त्यानं एक खेळणं करून आणलं होतं. जुन्या लिफ्टचा बटणांचा फळा, तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत. बटण दाबलं की त्यामागं दिवा लागायचा. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मी बघितलं, मागं चार स्क्रू. स्क्रू निघाला आणि तोंडात गेला तर? मी “छान आहे” म्हटलं आणि तो गेल्यावर फळा कपाटावर ठेवून दिला.

असेच अडीच महिने गेले.

मग आता सहा आठवड्यांपूर्वीची ती दुपार. लेक माझ्या छातीवर झोपलेली. हलायची सोय नाही. एका हातात फोन. सहज म्हणून शोधलं तर ‘ध्रुवयान’ सापडलं, कुणीतरी सगळेच्या सगळे भाग टाकलेले. मी तेरावा लावला. आवाज बंद करून, खाली अक्षरं वाचत.

किती लहान होतं ते सगळं! यानाची भिंत पुठ्ठ्याची, कळफलक म्हणजे उलटे लावलेले साबणाचे डबे. दार उघडलं आणि डावं पान किंचित मागे राहिलं. मला हसू फुटलं, लेक छातीवर हलली. मामाला सांगायला पाहिजे, मी मनात म्हटलं. डावीकडचा अजून तसाच आहे.

मग ती शेवटची पाच मिनिटं आली. जी मी कधी बघितलीच नव्हती.

कप्तान दुर्बिणीतून बघतो. तीनदा लुकलुक. “चौकी ठीक,” तो म्हणतो, “मार्गस्थ व्हा.” यान निघून जातं. परत फिरत नाही. आणि कॅमेरा एकटाच चौकीत शिरतो. खुर्ची. खुर्चीवर घडी घातलेली शाल. थंड पेला. खाटेवर पांघरुणाखाली कुणीतरी, ज्याचा चेहरा दाखवत नाहीत. आणि भिंतीवर दिव्याच्या तारा एका घड्याळाला बांधलेल्या. घड्याळाचा काटा पुढं सरकतो, दिवा लुकलुकतो. एक, दोन, तीन. दिवेवाल्याला ठाऊक असतं की यान औषधं घेऊन चाललंय, थांबलं तर उशीर होईल. म्हणून आजारी पडल्यावर शेवटच्या ताकदीनं त्यानं ते बांधून ठेवलेलं असतं. संपला भाग.

चहा नाही. दार नाही. काहीच नाही.

मामानं मला खोटं सांगितलं होतं. वीस वर्षं मी त्या चहावर विश्वास ठेवून होते. वसतिगृहातल्या मैत्रिणीनं एकदा खरा शेवट सांगितला होता, तर मी तिलाच वेड्यात काढलं होतं. मला रडूही येत होतं आणि हसूही. असा कसा हा माणूस! पडद्यावर नाही तर नाही, चहा ठेवून मोकळा.

त्याच वेड्या आनंदात मी त्याला मेसेज करायला घेतला. ‘मामा, लबाडा, चहा कुठाय?’ एवढं लिहिलं आणि माझी नजर वर गेली.

चौकी ठीक. सात वाजून शून्य मिनिटं.

त्याच्या वर, आदल्या दिवशीचा. सात शून्य. त्याच्या वर, सात शून्य. मी अंगठ्यानं वर सरकवत गेले. सात, सात, सात. एकेचाळीस दिवस. त्याआधीचे, सहा बावन्न, सात अकरा, एकदा चक्क सव्वाआठ, ‘झोपलो होतो, चौकी ठीक’. आणि मग अचानक एकेचाळीस दिवस, एकाही मिनिटाची चूक नाही.

मधे एकदा मी लेकीच्या पहिल्या दाताचा फोटो पाठवला होता. एरवी दुपारपर्यंत “वा” यायचं. तेव्हा पाच दिवस आलं नव्हतं. मला वाटलं होतं, रिचार्ज संपला असेल. सकाळचा मेसेज मात्र त्या पाचही दिवशी आला होता, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. मला! जी झोपेतले श्वास मोजते!

मी फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. नवऱ्याला लावला; तो म्हणाला, “अगं, बाजारात गेला असेल.” मी म्हटलं, “एकेचाळीस दिवस बाजारात?” त्याला काही कळलं नसणार. मी लेकीला तशीच उचललं, पिशवीत दुपटं आणि दुधाची बाटली टाकली आणि बस पकडली. टोपी राहिली.

बसमध्ये मी मेसेज धुंडाळत होते. त्याचा आवाज ऐकायचा होता, बोलून पाठवलेला एखादा. एकही नव्हता. मग आठवलं. फोन भरला होता, लेकीच्या व्हिडिओंना जागा हवी होती, म्हणून त्यानं बोलून पाठवलेले सगळे जुने मेसेज मीच पुसून टाकले होते. कावळा, गुडघा, सगळं.

त्याची इमारत पाच मजल्यांची. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंचं दुकान आहे. त्यांचं मशीन चालू होतं, त्यांनी मान वर केली, काहीतरी म्हणाल्यासुद्धा. मी थांबले नाही. लिफ्ट बंद होती. जिन्यानं तिसरा मजला. बेल वाजवली. बाहेर कुलूप नाही, दार नुसतं ओढून घेतलेलं, लॅच लागलेलं. मी पुन्हा फोन लावला, आणि तो दाराच्या आत वाजू लागला. आतल्या खोलीत, टेबलावर बहुतेक, लाकडावर थरथरत.

तो वाजून वाजून थांबला.

दार ठोठावलं. “मामा!” शेजारचं कुणी आलं नाही. लेक रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघू लागली. मला ती शाल दिसत होती, घडी घातलेली. थंड पेला दिसत होता.

खाली जाऊन काकूंना विचारावं म्हणून वळले, तेव्हा लिफ्टच्या जाळीवर अडकवलेली पाटी दिसली. पत्र्याची, कोपरे गंजलेले, लाल ऑइलपेंटची ठसठशीत अक्षरं. ती अक्षरं मी जगात कुठंही ओळखली असती.

आत माणूस आहे.

मी जाळीला तोंड लावलं. वर-खाली नुसता काळोख आणि तेलाचा वास. “मामा! आत कोण आहे?” माझाच आवाज पाच मजले फिरून परत आला. बाकी काही नाही. मी वळणार होते, खरंच वळणार होते.

उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मी थांबले. लेकीला छातीशी धरून थांबले, तिचे श्वास मोजत, सवयीनं. बारा. तेरा. चौदा.

आणि वरून, रुळावरून, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. ठण. ठण. ठण.

लेक दचकली. मग हसली. मी तिला घेऊन जिना चढत सुटले, थेट गच्चीपर्यंत.

गच्चीवरच्या मशीनरूममध्ये मामा स्टुलावर बसला होता. मांडीवर पाना. वाळून निम्मा झाला होता तो. गळ्याशी जाळीदार पांढरं फडकं बांधलेलं. मला बघून तो उठला आणि तोंड उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. फडक्यामागं नुसती हवा फुसफुसली. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली, गळ्यात लोंबणारी छोटी वही उघडली आणि त्याच पाटीवरच्या अक्षरांत लिहिलं.

‘हिची टोपी कुठाय? वारा आहे इथं.’

“मामा...”

‘यंत्र काढलं गळ्यातलं,’ त्यानं लिहिलं. मग थोडा विचार करून खाली, ‘आवाज गेला. माणूस आहे.’

मी रडत होते, तो लिहीत होता. इतक्या भरभर की पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यानं पाना खाली ठेवून चाकूनं ते तासलं, मला रडू देत. घसा बसलेला होता ती सर्दी नव्हती. आमच्याकडून गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाला, गाठ आहे, सगळंच काढावं लागेल. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी काकूंच्या भाचीनं त्याला दाखवलं की मेसेजला आधीच वेळ लावून ठेवता येते. त्यानं बसून साठ दिवसांचे लावले. एकेक करून, साठ.

“साठच का?”

‘डॉक्टर म्हणाला दोन महिने गेले की पुढचं बघू.’

“आणि दोन महिने गेले नसते तर?”

त्यानं बोटानं खाली दाखवलं, काकूंच्या दुकानाकडे. चिठ्ठी ठेवली होती म्हणे त्यांच्याकडे, माझ्या नावाची.

“मला का नाही सांगितलंस? एवढी मी परकी?”

त्यानं वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, ‘तुझ्या यानावर लेक आहे सांभाळायला. यान थांबवायचं नव्हतं.’

तेवढ्यात जिन्यातून धापा टाकत काकू आल्या. “अगं, तुला हाक मारत होते मी! ऐकशील तर शपथ! वर आहेत म्हणून सांगत होते.” मग मामाकडे वळून, “आणि तुम्ही! धूळ घशात जाते म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना? पुन्हा इथं येऊन बसलात? लिफ्टवाली कंपनी मेली आहे का?”

मामानं लिहून वही त्यांच्यापुढे धरली. ‘ब्रेक कुरकुरतोय. कंपनीच्या पोराला ऐकू येत नाही. माझे कान शाबूत आहेत.’

“कान शाबूत आहेत म्हणे! ऐकतात का कुणाचं?” काकू मला म्हणाल्या, “रोज भांडते मी यांच्याशी. आणि भांडण तरी कसलं, मी बोलायचं आणि यांनी लिहायचं. यांचं वाक्य संपेपर्यंत माझा राग जातो.”

मामा हसला. हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे तसेच हलले, जुन्यासारखे. लेक त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्यानं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, हात पुढे न करता. लांबूनच. तेव्हा मला कळलं की मी त्याला काय शिकवून ठेवलं होतं.

मी लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं.

खाली त्याच्या खोलीत आल्यावर मी त्याला विचारलंच. “तेरावा भाग बघितला मी आज. चहा कुठं होता रे त्यात?”

तो चोरी पकडल्यासारखा झाला. वही उघडली. ‘दुसऱ्या दिवशी तुझी गणिताची परीक्षा होती. रडत बसली असतीस.’ मग खाली, ‘आणि माझ्या मते तोच शेवट बरोबर होता. लिहिणाऱ्याला कामाचा अनुभव नसावा.’

आता तो रविवारी आमच्याकडे येतो. कपाटावरचा फळा मी खाली काढला. मागचे चार स्क्रू त्यानंच माझ्या देखत झाळून पक्के केले, मला नखानं उपटून बघायला लावलं. लेक पाचव्या मजल्याचंच बटण दाबते. पुढं काय होईल, डॉक्टर दर महिन्याला थोडं थोडं सांगतात. ते मी वहीत लिहिते, लेकीच्या पानासमोरच्या पानावर. मामाचं पान. तिला मामाआजोबांचा आवाज कधीच ऐकायला मिळणार नाही. मी पुसला तो.

गेल्या रविवारी आम्ही तेरावा भाग लावला. तिला काय कळतंय, पण मामानं शेवटच्या पाच मिनिटांना तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. ग्रीसचा वास अजून येतो त्याला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मोकळ्या हातानं हवेत एक दार बाजूला सारलं.

मी बोलू लागले. “कप्तान परत फिरला. थांबवलं यान. उतरला. हाक मारली...”

दार उघडलं, सुर्रर. डावीकडचा आळशीच, हे त्यानं बोट मागं ठेवून दाखवलं. लेक तळव्याखाली खिदळली.

सकाळी सातला आता मी फोन करते. लेक उठते तर उठू दे. तो फोन उचलतो, मी म्हणते, “यान ठीक,” आणि पलीकडून स्टीलच्या पेल्यावर पाना वाजतो, तीनदा. कधी सहा बावन्नला त्याचाच फोन येतो, कधी सव्वाआठला मला पुन्हा लावावा लागतो. एका मिनिटाचाही मेळ बसत नाही, आणि त्यानंच माझा जीव भांड्यात पडतो.

तुम्हालाही कुणाचा तरी असा मेसेज रोज येत असेल. ‘ठीक आहे’, नाहीतर नुसता एक अंगठा, नाहीतर फुलांचं चित्र. जरा वर सरकवून बघा, किती वाजता येतो. मग फोन बाजूला ठेवा, जिना चढा आणि हाक मारा. उत्तर लगेच आलं नाही, तर वळू नका. थोडं थांबा.